हाकेला ओ

आज पहाटे ज्वारी निवडत बसले होते. भावानं गावाहून पाठवलेलं अर्धं पोतं. गिरणीत टाकायच्या आधी एकदा पाखडावी, खडे-माती काढावी, एवढंच काम. पाखडून झाल्यावर सुपाच्या कडेला बारीक धूळ साचली. ती तळहातावर घेऊन खिडकीशी गेले, फुंकर मारायला ओठ पुढे केले आणि हात आपोआप मिटला. चौथ्या मजल्यावरून चिमूटभर धूळ उडाली तर कुणाचं काय बिघडणार होतं? खाली स्कूटरी लावलेल्या असतात. पण पंचावन्न वर्षांपूर्वी आबांनी भरलेला दम अजून त्या हातात आहे.

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आबांनी त्या साली पहिल्यांदा हायब्रीड पेरलं होतं. ‘सीएसएच-1’ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण 1964 मध्ये आलं. आमच्या गावापर्यंत पोचेस्तोवर त्याचं नाव वाटेतच गळालं आणि सगळे नुसतं ‘हायब्रीड’ म्हणू लागले. भाकरीला चव नाही, कडबा आखूड, अशी कुरकुर घरोघर होती. पण कणीस असं भरायचं की कुरकुर करणाराही बांधावर उभा राहून बघायचा.

भादव्यातल्या एका रविवारी आबांनी आम्हा पोरांना टारफुला उपटायला नेलं. टारफुला म्हणजे वीतभर उंचीचं, अरुंद खरखरीत पानांचं, इवल्या पांढऱ्या फुलांचं रोपटं. दिसायला इतकं गरीब की उपटताना वाईट वाटावं. ते ताटांच्या बुडाशी घोळक्यानं उगवतं. ज्या ताटांच्या बुडाशी ते असतं, त्यांची मात्र दशा बघवत नाही. शेजारची ताटं पुरुषभर वाढलेली आणि ही कमरेलाही लागत नाहीत. जमिनीत ओल असून पानं सकाळीच मान टाकतात. कणीस निसवलंच तर लहान मुलाच्या मुठीएवढं. आम्ही उपटत होतो आणि आबा मागून म्हणत होते, "उपटा, पण आता उपटून ह्या सालचं काय हाती लागायचं न्हाई. वर दिसायच्या आधीच त्यानं खाऊन घेतलेलं असतंय."

त्यातलं एक रोपटं लवकर आलेलं, वाळून तपकिरी झालेलं होतं. त्याच्या बोंडातून तळहातावर पूड पडली, अगदी आजीच्या तपकिरीसारखी. मी ती नाकाशी नेली. वास नव्हता. मग जे कुठलंही पोर करील तेच केलं, फू करून उडवून दिली. आबा एरवी नातवंडांवर कधी आवाज न चढवणारे. त्या दिवशी तिकडच्या तासातून ओरडले, "फुकू नको गं! पेरलंस की समदं!"

मला त्यांचं बोलणं कळलं नाही. पुडीला पेरणं कसं म्हणायचं? ती पूड म्हणजे बी होतं, हे पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतल्यावर समजलं. टारफुल्याचं एक बी मिलिमीटरच्या पाव भागाएवढं असतं. एका झाडाला अशा 50,000 बिया सहज धरतात, झाड जोमदार असलं तर त्याच्या कितीतरी पट. पडलेलं बी जमिनीत दहा-पंधरा वर्षं जिवंत राहू शकतं. म्हणजे मी फुंकलेल्या पुडीतलं काही बी आबा गेले तेव्हाही त्या रानात जागं व्हायची वाट बघत असणार. हा हिशोब मी एकदाच घातला. पुन्हा घातला नाही.

पण त्या बियाचीही एक अडचण आहे, आणि ती कळल्यापासून मला त्याच्याबद्दल रागापेक्षा कुतूहल जास्त आहे. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? मोड फुटला की तीन-चार दिवसांत त्याला कुणाचं तरी मूळ गाठावं लागतं, नाही गाठलं तर मरण. आणि त्याची धाव असते काही मिलिमीटरची. म्हणजे ज्वारीचं मूळ अगदी दाराशी आलं असेल तेव्हाच त्यानं डोळा उघडायला हवा. पाऊस पडला म्हणून इतर बियांसारखं उगवून चालत नाही. पाऊस पडल्यावर ते आठ-पंधरा दिवस ओलं होऊन, फुगून, नुसतं कानोसा घेत पडून राहतं.

कानोसा कशाचा? या प्रश्नानं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं झुलवलं. 1966 मध्ये अमेरिकेत मुळातून पाझरणारं एक द्रव्य वेगळं काढण्यात आलं. अगदी नावाला, लेशमात्र असलं तरी ते टारफुल्याचं बी जागं करतं. टारफुल्याच्या ‘स्ट्रायगा’ या शास्त्रीय नावावरून त्याला ‘स्ट्रायगॉल’ म्हणू लागले. गंमत पुढेच आहे. हे द्रव्य सापडलं ते ज्वारीच्या मुळात नव्हे, मक्याच्याही नव्हे, तर कपाशीच्या मुळात. आणि कपाशीवर टारफुला जगूच शकत नाही! कपाशीच्या हाकेनं तो उठतो, धावतो, मूळ गाठतो आणि तिथंच उपाशी मरतो.

हे वाचलं तेव्हा मला बेवड आठवला. शहरात वाढलेल्यांना हा शब्द आता सांगावा लागतो. आधीचं पीक निघून गेल्यावर ते रानात जे मागे ठेवून जातं, तो त्याचा बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, अमक्याचा वाईट, असं जुनी माणसं बोलत. टारफुला माजलेल्या रानात एक-दोन वर्षं कापूस किंवा भुईमूग घ्यावा, मग ज्वारी, हा सल्ला आजही शेतीखात्याच्या पुस्तिकेत असतो. फेरपालटीच्या त्या दोन वर्षांत जमिनीखाली किती बी फसून उठत असेल नि मरत असेल, ते वर कुणाला दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की तिसऱ्या साली ज्वारी बरी येते.

कपाशीचं राहू द्या. ज्वारीचं काय? जे द्रव्य पाझरलं की वैरी जागा होतो, ते ती पाझरवते तरी कशाला? हजारो वर्षं हा घरभेदीपणा तिनं का चालू ठेवला? उत्तर यायला 2005 साल उजाडलं. जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही हाक टारफुल्यासाठी नाहीच. ती मायकोरायझासाठी आहे. हे नाव आता खताच्या दुकानात पुड्यांवर दिसतं, पण ही बुरशी मुळांच्या सोबतीला कोट्यवधी वर्षांपासून आहे. तिचे तंतू मुळापासून लांबवर पसरतात, मुळाला न पोचणारा स्फुरद गोळा करून आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. झाड मुळातून हे द्रव्य सोडतं म्हणजे या बुरशीला साद घालतं, आणि ती तंतूंना फाटे फोडत मुळाकडे येते. पुढे 2008 मध्ये असंही कळलं की हेच द्रव्य झाडाच्या अंगात संप्रेरकाचं काम करतं, फांद्या-फुटवे किती फुटू द्यायचे ते ठरवतं. म्हणजे ते टाकून देण्याजोगं नाही. तो घरातलाच आवाज आहे.

आणि हा आवाज मोठा कधी होतो? जमिनीत स्फुरद कमी पडला की. पोट भरलेलं झाड पुटपुटतं, उपाशी झाड ओरडतं. सोबत्याला मारलेली ती हाक शेजारी कान टवकारून बसलेल्या टारफुल्यालाही ऐकू जाते, आणि सोबती पोचायच्या आत हा आयत्या बिळात येऊन बसतो. टारफुला हलक्या, कस गेलेल्या, शेणखताचं तोंड न पाहिलेल्या जमिनीतच का माजतो, याचं एक मोठं कारण हे. आमच्या घरी मळ्यातल्या काळ्या रानात तो क्वचित दिसे. माळाच्या पट्टीत मात्र ठरलेला. आजी म्हणायची, नडलेल्याच्याच दारी सावकार येतो. ती अर्थात टारफुल्याबद्दल बोलत नसे.

मराठीत ‘बांडगूळ’ ही शिवी आहे. अमरवेलही टोमण्यात येते. टारफुल्याला मात्र कुणी शिवी केलं नाही. मला वाटतं, बांडगूळ झाडावर बसलेलं सगळ्यांना दिसतं आणि टारफुल्याचं खाणं मातीखाली चालतं. पहिले चार-सहा आठवडे तर तो स्वतःही मातीखालीच असतो. शेतकऱ्याला वाटतं पाऊस ओढ देतोय, खत कमी पडलं, बियाणं खोटं निघालं. आफ्रिकेत याची मोठी बहीण आहे, जांभळ्या-गुलाबी फुलांची, आमच्यापेक्षा दांडगी. तिथं ज्वारी, बाजरी आणि मका या तिन्ही पोटाच्या पिकांवर ती असते. व्हिक्टोरिया सरोवराकाठचे केनियातले शेतकरी तिला ‘कायोंगो’ म्हणतात. ‘स्ट्रायगा’ हे शास्त्रीय नावसुद्धा लॅटिनमधल्या चेटकिणीवरून आलं, आणि इंग्रजीतही ती चेटकिणीचं तणच. जे दिसत नाही त्याला माणसं दुसरं म्हणणार तरी काय?

अशा गावांतल्याच एका मुलाची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत असे. गेबिसा एजेटा. इथिओपियातल्या वोलोनकोमी नावाच्या खेड्यात 1950 मध्ये जन्म, एका खोलीच्या गवती घरात. शाळा वीस किलोमीटरवर. रविवारी संध्याकाळी चालत निघायचं, आठवडाभर तिथं राहायचं, शुक्रवारी चालत परत. आईचा हट्ट होता, पोरगं शिकलं पाहिजे. तो शिकला, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून ज्वारीवर पीएच. डी. झाला आणि इक्रिसॅटतर्फे सुदानला कामाला गेला. हे इक्रिसॅट म्हणजे आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूचंच संशोधन केंद्र, 1972 मध्ये सुरू झालेलं. सुदानमध्ये त्यांनी दुष्काळात तग धरणारं संकरित ज्वारीचं वाण काढलं. ते 1983 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं, आणि त्याचं नाव ‘हागीन दुरा-1’. अरबीत हागीन म्हणजे संकरित, दुरा म्हणजे ज्वारी. थोडक्यात, तिकडचंही ‘हायब्रीड’! आपल्या मालदांडीसारख्या रब्बी ज्वाऱ्या ज्या गटात मोडतात, त्या गटालाही शास्त्रज्ञ ‘दुर्रा’च म्हणतात. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा जरा पुढे सरकायची.

मग एजेटा पर्ड्यूला परतले आणि टारफुल्याच्या मागे लागले. प्रतिकारक ज्वारी शोधायची म्हणजे तोवर काय करत? टारफुला माजलेल्या रानात शेकडो वाणं पेरायची, आणि कुठलं वाचतं ते बघायचं. त्यात घोळ असा की एखादं वाण खरंच दणकट म्हणून वाचलं, की त्या ओळीत बीच कमी होतं म्हणून, हे सांगता येत नसे. एजेटा आणि त्यांचे सहकारी, जीवरसायनतज्ज्ञ लॅरी बटलर, यांनी रानच बशीत आणलं. काचेच्या चपट्या बशीत अगर, म्हणजे चायना ग्रास. त्या पारदर्शक थरात टारफुल्याचं ओलावून तयार केलेलं बी सर्वत्र विखुरलेलं. मग कडेला ज्वारीचा एक मोड आलेला दाणा. दोन-चार दिवसांत मूळ अगरमधून पुढे सरकतं. मग भिंगाखाली बशी धरायची आणि पट्टीनं मोजायचं, मुळापासून किती अंतरावरच्या बियाला मोड फुटलाय. साध्या ज्वारीच्या मुळाभोवती लांबपर्यंत बी उठलेलं दिसे. काही वाणांत मात्र हे अंतर 10 मिलिमीटरच्या आत राही. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. कुठल्या रोपाची हाक किती लांब जाते, ते चक्क पट्टीनं मोजलं गेलं.

हा गुण एका जनुकावर अवलंबून आहे आणि तो अप्रभावी आहे, हे नव्वदीच्या दशकात सिद्ध झालं. अप्रभावी म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच उतरतो. संकरित बियाणं करणाऱ्याला हे फार जाचक. एक पालक सुधारून भागत नाही, दोन्हीकडे तो गुण आधी आणून बसवावा लागतो. तरी वाणं झाली. 1994 मध्ये दुष्काळ आणि टारफुला दोन्ही सोसणारं आठ टन बियाणं आफ्रिकेतल्या बारा देशांत वाटलं गेलं. एजेटांना 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तो जनुक नेमका कुठला, करतो काय, हे मात्र 2017 पर्यंत अंधारात होतं. तोवर सगळे समजत होते की या वाणांची मुळं ते द्रव्य कमी सोडतात. म्हणून जनुकाचं नावही तसंच पडलं होतं, कमी चेतना देणारा. नाव चुकलंच म्हणायचं. सापडलं ते असं: साध्या ज्वारीत हा जनुक एक एन्झाइम बनवतो आणि त्यामुळे मुळातून जे द्रव्य निघतं, त्याला टारफुला ताडकन उठतो. प्रतिकारक ज्वारीत हा जनुकच गळून गेलेला आहे. म्हणून तिची मुळं मुकी झालेली नाहीत. ती दुसरं द्रव्य सोडतात, त्याच कुळातलं, पण रेणूच्या एका भागाचा कल उलटा. उजव्या पायातली चप्पल डाव्या पायाला घालून बघा. चप्पल तीच, पाय त्याच माणसाचा, पण बसत नाही. टारफुल्याला ही हाक जेमतेम ऐकू येते. बुरशीला मात्र ती कळते. ती पूर्वीसारखी येते, स्फुरद आणते, साखर घेते.

हे वाचून मी बराच वेळ मासिक मांडीवर ठेवून बसले होते. मी निवृत्त झालेली शाळामास्तरीण, मला यात दाद द्यावीशी वाटली ती ज्वारीच्या बेताला. वैऱ्याच्या भीतीनं ज्वारी गप्प बसली असती, तर सोबतीही गेली असती. तिनं फक्त स्वर बदलला. आम्ही मुली गल्लीत लपंडाव खेळताना मैत्रिणीला शीळ घालायचो, ठरलेली. राज्य असलेल्याला ती चिमणीची वाटायची.

असा जनुक गळालेली ज्वारी शास्त्रज्ञांनी घडवली नव्हती. ती होतीच. 2020 मध्ये आफ्रिकेतल्या गावठी वाणांचा नकाशा मांडून पाहिला, तेव्हा हा बदल जिथे टारफुला फार तिथल्या वाणांत जास्त सापडला. जिथे टारफुला नाही तिथे ज्वारीला तो कदाचित महाग पडत असावा, म्हणून सगळीकडे पसरला नाही. पण ज्या बायकांनी, ज्या म्हाताऱ्यांनी पिढ्यानपिढ्या नासलेल्या रानातून त्यातल्या त्यात चांगली कणसं बियाण्याला बाजूला काढली, त्यांनी न कळत ही ज्वारी राखली. आमची आजीही तेच करायची. मळणीआधी खळ्यात बसून कणीस न् कणीस हातात घेऊन बघायची, पसंत पडलेली एका फडक्यात. ती जुडी आढ्याला टांगलेली असायची, चुलीचा धूर लागेल अशा जागी. त्या कणसांना हात लावला तर ती मुलांना भुकेची शपथ घालायची. हायब्रीड आलं आणि जुडी बांधायचं कारण संपलं. बियाणं दरसाल दुकानातून. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही, आजीलासुद्धा नाही. तिची कंबर दुखायची, तिला बरंच वाटलं असेल.

आपल्याकडची एक ज्वारी मात्र दूरवर पोचली. ‘एन 13’ हे तिचं रूक्ष नाव, दुर्रा गटातली, भारतातली. तिचा प्रतिकार निराळ्या तऱ्हेचा. ती हाक लपवत नाही. टारफुला उठतो, मुळाला चिकटतो, आत शिरायला लागतो. आतल्या पेशींच्या भिंती जाड, त्या काही फुटत नाहीत. चोराला घर ठाऊक आहे, दारापर्यंत तो आलाय, पण वाड्याची भिंत दोन हातांची. हा गुण एका जनुकाचा नव्हे, अनेक जागी विखुरलेला आहे. त्या जागा गुणसूत्रांवर हुडकून, खुणा धरून, सुदानमधल्या लोकांच्या आवडत्या वाणांत त्या उतरवल्या गेल्या, आणि 2012 मध्ये तिथं अशी वाणं प्रसारित झाली. आपल्या ज्वारीच्या भिंती नाईलकाठी उभ्या राहिल्या. एरवी अशा बातम्या आपल्याकडे कुणी छापत नाही.

मक्याचं दुखणं याहून मोठं. ज्वारी आणि चेटकीण एकाच खंडात वाढल्या, त्यांची भांडणं जुनी आहेत. मका अमेरिकेतून आफ्रिकेत गेला तो अवघा चारपाचशे वर्षांपूर्वी, त्याच्या रक्तात हा वैरी नाहीच. म्हणून नायजेरियातल्या इबादानच्या संशोधकांना प्रतिकाराच्या शोधात मक्याच्या रानटी चुलतभावाकडे जावं लागलं. मेक्सिकोच्या डोंगरात 1970 च्या दशकात सापडलेलं, वर्षानुवर्षं जगणारं ते गवत.

उलटाही प्रवास झाला. 1956 मध्ये अमेरिकेतल्या कॅरोलिनात मक्याची शेतं कारण न कळता खुरटत होती. कुणी दुष्काळ म्हणे, कुणी रोग. तिथं शिकायला आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्यानं ते रोपटं ओळखलं. बाकीच्यांना नवल वाटलं असेल, मला नाही. भादव्यात एक रविवार जरी त्यानं आबांसारख्या कुणाच्या मागे ताटांतून काढला असेल, तरी पुरे. पुढे अमेरिकेनं जमिनीत इथिलीन वायू सोडला. आपल्याकडे केळी-आंबे पिकवायला वापरतात तोच. या वायूनंही टारफुल्याचं बी फसून उठतं. पीक नसलेल्या रानात ते उठायचं आणि मरायचं. त्या सरकारनं काही दशकं, काही कोटी डॉलर ओतले आणि लाखो एकरांवरचा उपद्रव थोडक्या एकरांवर आणला. श्रीमंत देशाला ते परवडतं. माळावरच्या पट्टीत इथिलीनच्या टाक्या कोण नेणार?

म्हणून शेवटी सगळं बियाण्यावर येतं. पण नुसत्या बियाण्यावर सोपवून भागत नाही, हे खुद्द एजेटाच सांगत आले. इथिओपियात त्यांच्या ‘गोबिये’ आणि ‘अबशीर’ या वाणांबरोबर शेतकऱ्यांना थोडं खत दिलं गेलं आणि सरीत मध्येमध्ये आडवे बांध घालून पाणी मुरवायला शिकवलं गेलं. तिन्ही मिळून जे पीक आलं ते एकट्या बियाण्यानं येत नव्हतं. साहजिक आहे. जमीन उपाशी ठेवली तर झाड ओरडायचं थांबत नाही, स्वर कुठलाही असो. शिवाय तिकडची दांडगी बहीण फुलाफुलांतून परागांची देवाणघेवाण करते. दर साली नवे बेत आखणारी लाखो पोरं तिला होतात. त्यांतलं एखादं उद्या उलटी चप्पलही पायात घालायला शिकेल. आमचा पांढऱ्या फुलाचा टारफुला बराचसा आपला आपणच फळतो, म्हणून तो जरा मंद. जरा.

गेल्या भादव्यात गावी गेले होते. रानात आता सगळीकडे सोयाबीन. भावानं म्हशीच्या कडब्यापुरती ज्वारीची एक पट्टी बांधाकडेला ठेवली आहे. तिथं दोन-तीन पांढरी फुलं दिसली. भाऊ उपटायला वाकला, त्याला म्हटलं थांब. जन्मभर उपटलं आणि जन्मभर शिकवलं, पण दोघांची गाठ कशी पडते ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. उपटलं की ते नेमकं तिथंच तुटतं.

पुतण्यानं खुरप्यानं लांबून गोल खणत ताट आणि टारफुला दोन्ही मातीच्या ढेकळासकट उचलले आणि बादलीतल्या पाण्यात अलगद सोडले. माती विरघळायला अर्धा तास गेला. मग बोटांनी हळूहळू चिखल सोडवला. टारफुल्याची मातीखालची दांडी पांढरीफटक निघाली, जवळजवळ पारदर्शक. तिची मुळं ठिसूळ, हात लावताच तुटणारी. त्यातलं एक मूळ ज्वारीच्या मुळाला आडवं जाऊन टेकलेलं होतं आणि तिथं मोहरीएवढी गाठ. बस, एवढंच. पुतण्या माझा चष्मा मागून घेऊन वाकून बघत राहिला. म्हणाला, "आत्या, ह्यातलं कुणाचं कुठं संपतंय?"

मीही वाकून पाहिलं. सांगता येईना. त्या गाठीत ज्वारी कुठवर आणि टारफुला कुठून, अशी रेघ काही दिसत नव्हती.

भाऊ मागे उभा होता. म्हणाला, "बघून झालं असंल तर ते पाणी इथं वतू नगा." आणि स्वतःच बादली उचलून बांधावरून सडकेवर गेला आणि डांबरावर उपडी केली.